ऐंशी हजार तोंडं आणि एक फोन

दीपमाला हिवाळेला गावात ‘अळीवाली’ म्हणतात. पूर्वी माघारी म्हणत, आता तोंडावर म्हणतात, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. कुंभार पिंपळगावपासून चार किलोमीटर आत तिचं दोन एकर रान आहे. त्यातल्या एका एकरात तुती लावून तिनं रेशमाच्या अळ्या पाळायला सुरुवात केली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, आता चौतीसची आहे. वडील गेले, धाकटा भाऊ चाकणला कंपनीत, घरात ती आणि तिची माय गिरिजाबाई. ‘पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून किडे काय पाळता’ असं म्हणणारे नातेवाईक आता आपापल्या पोरांना तिचं शेड बघायला पाठवतात. दीपमाला दाखवते, पण आधी हातपाय धुवायला लावते.

या हातपाय धुण्याचं तिच्याकडं जरा जास्तच प्रस्थ आहे. शेडच्या दारात ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवलेलं पोतं. त्यावर पाय द्यायचे, शेजारच्या बादलीत हात बुचकळायचे, मगच आत. तंबाखू खाल्लेला माणूस आत चालत नाही. डोक्याला वासाचं तेल चालत नाही, अगरबत्ती चालत नाही, सेंट-पावडर तर नावालाही नाही. एकवेळ रुसलेला जावई परवडला, पण अळी नाही. जावई निदान जेवून तरी रुसतो, अळी जेवायचंच सोडते आणि दुसऱ्या दिवशी आडवी.

प्रितम तिच्या आयुष्यात आला तोही या ब्लीचिंगमुळंच. तीर्थपुरीला त्याचं मेडिकलचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी दीपमाला तिथं गेली आणि तिनं पाच किलो ब्लीचिंग पावडर मागितली.

“ताई, एवढं ब्लीचिंग?” प्रितमनं विचारलं. “लग्नबिग्न हाय का घरी?”

“लग्न न्हाई. ऐंशी हजार लेकरं हायेत घरात,” दीपमाला म्हणाली.

तो हसला. मग तिनं अळ्यांचं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं, मधूनमधून प्रश्न विचारले, आणि गिऱ्हाईक खोळंबलं तरी ऐकत राहिला. पुढच्या खेपेला त्यानं ‘ताई’ म्हणायचं सोडलं. त्याच्या पुढच्या खेपेला ब्लीचिंग घरपोच आलं.

तेव्हापासून दर रविवारी त्याची मोटारसायकल गावात यायची. गिरिजाबाई त्याला ‘मेडिकलवाले’ म्हणायच्या आणि रविवारची भाजी दोन माणसांची जास्त करायच्या. माणूस खरंच चांगला होता. शेडमध्ये यायचं म्हणून शनिवारपासून सुपारी बंद ठेवायचा, पाला टाकू लागायचा, अळ्यांशी बोलायचासुद्धा. फक्त एक शब्द त्याच्या जिभेला चिकटून बसला होता, ‘बघू’. बहिणीचं लग्न उरकू दे, मंग बघू. दुकानाचं रंगकाम होऊ दे, मंग बघू. बहीण नांदायला जाऊन तिला लेकरू झालं, दुकानाचा रंग एकदा लागून उडायलाही लागला, तरी प्रितमचं बघणं काही संपलं नव्हतं.

शेवटी सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, तीर्थपुरीच्या स्टँडजवळच्या हॉटेलात, दीपमालानं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं.

“प्रितम, लग्न करायचं का न्हाई, येकदा सांगून टाक.”

प्रितम चहा ढवळत बसला. साखर कधीच विरघळली होती. “घरचे म्हणून राह्यले, नोकरीवाली बघ. म्या त्यांना समजावूनच राह्यलो दीपा. बघू आता...”

“बघ. मंग सांग. म्या आता फोन करणार न्हाई, तू करायचा.”

एवढं बोलून ती उठली आणि मिळेल त्या जीपनं घरी आली. घरापर्यंत मान ताठ होती. दाराची कडी लावली आणि मग सगळं अवसान गळालं.

मन मोडायला मुहूर्त लागत नाही, चॉकीला मात्र लागतो. चॉकी म्हणजे अगदी बारक्या अळ्या दोन काती टाकेपर्यंत वाढवून देणारं केंद्र. तिथं महिना-महिना आधी नाव लावावं लागतं. दीपमालानं नाव लावलं होतं आणि तिची तारीख होती त्या गुरुवारनंतरचा रविवार. दर रविवारी मोटारसायकल यायची त्या वेळेला गावाच्या फाट्यावर टेम्पो आला, आणि दीपमाला घरात भिंतीकडं तोंड करून पडलेली.

गिरिजाबाई दारात उभ्या राहिल्या. “निजायचं असंल तर नीज बाई. पण टेम्पोवाला फाट्यावर उभा हाय. त्याला काय सांगू? पोरीचं मन मोडलंय, अळ्या वापस घिऊन जा म्हणून?”

दीपमाला उठली. तोंड धुतलं, केस बांधले आणि दोनशे अंडीपुंजांच्या अळ्या उतरवून घेतल्या. गुरुवारपासून तीन दिवसांत तिनं केलेलं हे पहिलं धड काम.

ते दिवस वाईट होते, उगाच झाकून सांगण्यात अर्थ नाही. सकाळी डोळे उघडले की दोन क्षण सगळं ठीक असायचं, आणि मग आठवायचं. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राहायचा. दात घासता घासता ती मध्येच थांबायची आणि फेस हनुवटीवर ओघळला की भानावर यायची. विचारलं तेच चुकलं का, असं तिला दिवसातून शंभरदा वाटायचं. नसतं विचारलं तर लग्न नसतं झालं, पण रविवार तरी राहिला असता. आणि या सगळ्याच्या वर तो फोन. वाजेल, आता वाजेल, आंघोळीला गेलं की नेमका वाजेल. म्हणून ती आंघोळही तीन तांब्यांत उरकायची.

अळ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला ताजा पाला हवा, म्हणजे हवा. त्यामुळं रडण्याचंसुद्धा वेळापत्रक बसवावं लागलं. सकाळी रडत बसावं तर ऊन चढतं आणि पाला मलूल पडतो. संध्याकाळी रडावं तर अंधारात विळा हाताला लागतो. उरली दुपार. अडीच ते चार या वेळात दीपमाला शेडमागं तुतीच्या सावलीत बसून रडायची, आणि चार वाजले की नाक पुसून विळा उचलायची. एकदा बसली आणि रडूच आलं नाही, तेव्हा तिला वेळ फुकट गेल्यासारखं वाटलं.

गावाला कळायला फार काही लागत नाही. दोन रविवार मोटारसायकल आली नाही, एवढं पुरलं. मग समजूत घालणारे सुरू झाले. पण समजूत घालायला माणूस जवळ बसावा लागतो, आणि दीपमाला तर शेडच्या आत. तंबाखूवाले दारातूनच परत गेले. सगुणाबाई चुलती वाटूरहून खास आली, ती डोक्याला वासाचं तेल चोपडून. तिलाही बाहेरच थांबावं लागलं. हिरव्या जाळीला नाक लावून तिनं तासभर समजूत घातली.

“माह्या जावंचा भाऊ हाय! बायको वारली त्याची! पन रान लै हाय!”

“काकू, पाला टाकून राह्यले!” आतून आवाज.

“बागायती हाय!”

“बरं!”

सगुणाबाई गिरिजाबाईंच्या हातचा चहा पिऊन, “पोरगी काय बोलंना बाई,” असं म्हणत दुपारच्या गाडीनं वाटूरला परत गेली.

शालूची गोष्ट वेगळी. शालू म्हणजे दीपमालाची शाळेपासूनची मैत्रीण, कुंभार पिंपळगावात ब्लाउज शिवते. तिला शेडचे सगळे नियम पाठ. ती हातपाय धुऊन थेट आत आली आणि तिनं एका शब्दात उपाय सांगितला, “ब्लॉक कर.”

दीपमालानं दहा वाजता प्रितमला ब्लॉक केलं. दहा वाजून पाच मिनिटांनी काढलं.

“आता काय झालं?” शालूनं विचारलं.

“त्यानं नेमका आत्ताच फोन लावला आन लागला न्हाई तर?”

शालूनं कपाळावर हात मारला. त्यावर कडी म्हणजे दीपमालानं स्टेटस ठेवायला सुरुवात केली. अळ्यांचे फोटो आणि खाली दुःखी शायरी. अळीचं आणि शायरीचं एकमेकांशी काय नातं, हे गावात कुणालाच कळेना. पण प्रत्येक स्टेटस बघणाऱ्यांत पहिलं नाव प्रितमचं असायचं.

“बघून राह्यला,” दीपमाला शालूला म्हणायची, “पन बोलून न्हाई राह्यला.”

“चार वरसं तेच तर करून राह्यला त्यो,” शालू म्हणायची.

गिरिजाबाईंचे उपाय साधे होते. ताटात भाकरीवर ठेचा वाढायचा आणि समोर बसून राहायचं. संध्याकाळी विहारात वर्षावासाचं वाचन चालू होतं. तिथून आल्या की दोन चांगल्या गोष्टी ऐकवायच्या. अळ्या चौथ्या कातीवर बसल्या, म्हणजे खाणं थांबवून मान वर करून दिवसभर निश्चल झाल्या, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

“बघ दीपमाले. ह्या बी खाईना झाल्यात. पन उद्या उठतेन आन दुप्पट खातेन. तू कवा उठणार?”

“माय, विहारातलं विहारात ठेव. मला प्रवचन नको देऊ.”

“न्हाई देत. भाकर खा मंग.”

दीपमालानं अर्धी भाकरी खाल्ली. ती उठली नाही, अळ्या मात्र उठल्या. पाचवी अवस्था सुरू झाली.

ही पाचवी अवस्था म्हणजे आठ दिवसांची जेवणावळ. अळी सगळ्या जन्मात जेवढं खाते, त्यातलं बहुतेक या आठ दिवसांत. दोनदाचा पाला तीनदा होतो. शेडमध्ये उभं राहिलं की ऐंशी हजार तोंडांचा आवाज येतो, सगळ्या पंगतीनं एकदम पापड मोडायला घेतल्यासारखा. हातातला फोन बाजूला ठेवायचे हे दिवस. आणि नेमक्या या दिवसांत दीपमालानं तो ठेवला नाही.

तिच्या रानात साधा फोन कुठंही लागतो, पण नेटची रेंज एकाच जागी येते, कडूबाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. कडूबा म्हणजे शेजारचा शेतकरी, सत्तरीचा, तंबाखूचा पक्का आणि शब्दाचाही पक्का. त्याचा कापूस आणि दीपमालाची तुती यांच्यामध्ये एक धुरा आणि एक करार. कापसावर औषध फवारायचं असेल तर कडूबानं आदल्या दिवशी सांगायचं, आणि दीपमालानं धुऱ्याकडच्या चार ओळींचा पाला पंधरा दिवस तोडायचा नाही. वाऱ्यानं उडालेलं औषध पानावर बसतं, आणि तसं पान अळीच्या पोटात गेलं की खेळ खलास. सहा वर्षांत हा करार एकदाही मोडला नव्हता.

पाचव्या अवस्थेच्या दुसऱ्या दिवशी दीपमाला धुऱ्यावर उभी होती. फोनमध्ये प्रितमच्या नावाखाली ‘टायपिंग’ असं उमटलं होतं. सोळा दिवसांनी पहिल्यांदाच.

“दीपमाला,” पलीकडून कडूबाची हाक आली, “उद्या फवारून राह्यलो बर का. वारं तुह्याकडलं हाय. चार वळी सोड.”

“हो मामा,” दीपमाला म्हणाली. डोळे फोनवर.

“आयकलं का?”

“हो मामा, बराबर.”

टायपिंग चार मिनिटं चाललं. मग थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. निरोप काही आला नाही. दीपमाला आणखी अर्धा तास तिथंच उभी राहिली. कडूबा कधी आला आणि काय बोलून गेला, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या पाल्याला तिनं धुऱ्याकडच्याच ओळी तोडल्या, तिथला पाला सगळ्यात दाट होता. शेडमधल्या तीन रॅकांपैकी पहिल्या रॅकला, वरपासून खालपर्यंत, फांद्या टाकून झाल्या. दुसऱ्या रॅकसाठी मोळी उचलायला ती बाहेर आली, तेव्हा कडूबा दारात उभा होता. तो मोळीकडं बघत होता.

“पोरी, ह्यो पाला कुठला?”

“धुऱ्याकडला. का?”

कडूबाच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली. “अगं, फवारलंय ना तिथं! काल वरडून सांगितल्तं तुला! तू बराबर म्हणली!”

दीपमाला आत धावली. फांद्या ओढून काढल्या, फेकल्या, पुन्हा ओढल्या. गिरिजाबाई आल्या, हात न धुता आल्या, कुणी त्यांना काही म्हटलं नाही. पण अळीचं तोंड बंद ठेवता येत नाही, तिनं खाल्लेलं होतं. तासाभरात पहिल्या रॅकवरच्या अळ्या माना झुलवायला लागल्या. मग हिरवं पाणी ओकायला लागल्या. संध्याकाळपर्यंत पापड मोडल्याचा आवाज दोन रॅकांवरच उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या कडेला खड्डा खणून, चुना टाकून, दीपमालानं पाट्याच्या पाट्या आत ओतल्या. दोन रॅकांना वेळेवर पाला टाकून झाला होता, मगच ती खड्ड्याकडं आली होती. कडूबा खोरं घेऊन मदतीला उभा राहिला. आपल्याच औषधानं झालं म्हणून त्याचं तोंड उतरलं होतं.

“म्या परत येऊन सांगाया पायजे होतं,” तो म्हणाला.

“न्हाई मामा. तुमी सांगितलं. म्याच हूं म्हणले आन आयकलं न्हाई.”

“ध्यान कुठं होतं तुहं?”

“फोनात.”

कडूबा खोऱ्यानं माती ओढत राहिला. दीपमालाला रडू आलं, अडीच वाजायची वाट न बघता, सगळ्यांसमोर, सकाळी आठ वाजता. पण हे रडणं वेगळं होतं. आतापर्यंत ती स्वतःसाठी रडत होती आणि त्याला शेवट नव्हता. आज ती त्या अळ्यांसाठी रडली. खाणं एवढाच ज्यांचा गुन्हा, आणि तिनंच हातानं टाकलेलं खाऊन मेलेल्या त्या अळ्यांसाठी. रडून झालं तेव्हा तिला राग आला. आधी स्वतःचा आला. मग प्रितमचा आला, आणि तो असा सणसणीत आला की तिला त्या गुरुवारपासून पहिल्यांदा भूक लागली.

“माय, भाकर हाय का?” तिनं विचारलं.

गिरिजाबाई धावतच घरात गेल्या.

तिथून पुढं फोन घरात राहिला. गिरिजाबाईंच्या ताब्यात, देवळीत, तांदळाच्या डब्याजवळ. त्यांना फक्त दोन गोष्टी शिकवल्या, हिरवं ओढलं की बोलणं सुरू, लाल ओढलं की बंद. स्टेटस बंद झाले, तेव्हा गावातल्या चार-दोघांनी ‘शायरी का थांबली’ म्हणून चौकशी केली. धुऱ्याकडच्या चार ओळींना कडूबानं स्वतः सुतळी बांधून वर फाटकी लाल साडी लटकवली, म्हणजे यापुढं ध्यान कुठंही असलं तरी डोळ्यांना दिसेल. आणि शालूनं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून पाला तोडायला यायचं ठरवलं.

“तुह्यापायी चार दिवस बिनपावडरची हिंडून राह्यले म्या,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक वळखंना मला.”

दीपमाला हसली. हसू आलं याचं तिलाच नवल वाटलं. तरी पाल्याच्या दोन फेऱ्यांमध्ये तिचे कान घराकडं असायचेच, ते खोटं कशाला बोलायचं. रोज संध्याकाळी घरात शिरताना ती विचारायची, “आल्ता का?” आणि गिरिजाबाई मान हलवायच्या. पण आता ती दिवसातून एकदाच विचारायची.

त्या गुरुवारपासून तेविसाव्या दिवशी अळ्या पिकल्या.

पिकलेली अळी लगेच ओळखू येते. हिरवटपणा जाऊन अंग पिवळसर पारदर्शक होतं, खाणं थांबतं, आणि ती मान उंचावून घर बांधायला जागा शोधत फिरते. मग माणसाला बसायची सोय नाही. प्रत्येक थरावर चंद्रिका, म्हणजे कोष विणायच्या जाळ्या, पसरायच्या, ज्या चढत नाहीत त्या हातानं उचलून वर ठेवायच्या. उशीर झाला तर अळी मिळेल तिथं धागा सोडून मोकळी होते आणि कोष वाया जातो. दीपमाला आणि शालू सकाळपासून त्याच कामात होत्या. दोन रॅक, पन्नास हजारांच्या वर अळ्या, चार हात.

दुपारी तीनच्या सुमाराला गिरिजाबाई घराकडून पळत येताना दिसल्या. तव्यावरची गरम भाकरी धरावी तसा फोन त्यांनी दोन बोटांत लांब धरला होता, आणि तो वाजत होता.

“त्याचा हाय!” त्या जाळीबाहेरूनच ओरडल्या. “मेडिकलवाल्याचा!”

शालूचे हात थांबले. दीपमालाच्या ओंजळीत पिकलेल्या अळ्या होत्या. ती तशीच जाळीपाशी आली. गिरिजाबाईंनी हिरवं ओढलं आणि फोन जाळीला टेकवून तिच्या कानाशी धरला.

“दीपा,” प्रितमचा आवाज आला. तोच आवाज, जरा घोगरा. “दीपा, म्या लै विचार केला गं. मला बोलायचंय तुह्याशी.”

दीपमालानं ओंजळीत बघितलं. एका अळीनं तिच्या अंगठ्यालाच धागा लावायला सुरुवात केली होती.

“प्रितम, अळ्या पिकल्यात,” ती म्हणाली. “म्या सातला करते तुला फोन.”

“अगं, महत्त्वाचं हाय.”

“हे बी महत्त्वाचंच हाय. ठिव.”

गिरिजाबाईंनी लाल ओढलं. दीपमालानं अंगठ्यावरची अळी अलगद सोडवली, चंद्रिकेवर ठेवली, आणि वळून शालूला म्हणाली, “तिकडला खालचा थर राह्यला, जल्दी कर.”

दिवस मावळेपर्यंत शेवटची अळी चंद्रिकेवर चढली. दीपमालानं हातपाय धुतले, तीन भाकरी खाल्ल्या, सतरंजीवर आडवी झाली आणि लगेच घोरायला लागली. गिरिजाबाई मात्र जाग्याच होत्या. सातला फोन एकदा वाजला. लेकीला उठवावं की झोपू द्यावं, हे ठरेपर्यंत तो बंद झाला. साडेसातला पुन्हा वाजला. मग वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शेडच्या जाळ्या उघडून हवा खेळती केली, जमिनीवरची घाण काढली, चुना टाकला. धाग्यात गुंडाळलेल्या अळ्या अजून पुसट दिसत होत्या, आत माना हलवत होत्या. चांगली जमली होती बॅच, उरली तेवढी. चार वाजता सगळेजण शेडबाहेर चहाला बसले, दीपमाला, शालू, गिरिजाबाई, आणि जरा अंतरावर, तंबाखूचं पथ्य म्हणून, कडूबा. कोष जालन्याच्या बाजारात कधी न्यायचे याचं बोलणं चाललं होतं. दीपमाला म्हणत होती गुरुवारी, कडूबा म्हणत होता शुक्रवार बरा.

गिरिजाबाईंनी चोवीस तास दम धरला होता; सकाळी तर फोनही शेडवर लेकीजवळ आणून ठेवला होता, बोलणं होईल म्हणून. आता त्यांच्यानं राहवेना.

“ते जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “काय म्हणला मंग त्यो?”

“कोण?” दीपमालानं विचारलं.

कडूबाची बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली. शालू नुसती बघत राहिली. दीपमालानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला. तिनं फोन केला नव्हता. सात वाजून गेले, रात्र गेली, सकाळ गेली, चहाची वेळ झाली, आणि तेवीस दिवस जिच्या कानात दुसरं काही नव्हतं, तिला त्या फोनची आठवणच झाली नव्हती.

“इसरले गं माय म्या,” ती म्हणाली.

आधी शालू हसली, मग कडूबा, मग दीपमाला स्वतः, पोट धरून. हसता हसता तिचे डोळे भरून आले. चार वर्षांच्या ओळखीचं माणूस. रविवारी शेडमध्ये येता यावं म्हणून शनिवारपासून सुपारी सोडणारं. ते असं एका रात्रीत मनातून निघून जातं, याचं तिला खरंच वाईट वाटलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

“लाव की आता,” शालूनं फोन पुढं केला.

दीपमालानं फोन घेतला. प्रितमचं नाव समोर होतं, खाली दोन चुकलेले कॉल. तिनं नकळत छातीवर हात ठेवून पाहिला. धडधड नेहमीचीच होती, जिना चढून आल्यावर असते तेवढीही नाही.

“लावते,” ती म्हणाली. “चहा तर पिऊ द्या.”

आणि फोन मांडीवर पालथा ठेवून तिनं कडूबाला सांगितलं की कोष गुरुवारीच न्यायचे, शुक्रवारचं काही खरं नसतं.